साठ किलोचा माणूस

सहा वर्षे मी साठ किलो होतो. सुमारे साठ नव्हे, साठेक नव्हे, साठ. हे वाक्य मी मुद्दाम आरंभीच लिहून टाकतो, कारण स्वतःविषयी काही चांगले सांगण्याची मला सवय नाही, आणि हकीकत एकदा पुढे सरकली की पुन्हा धीर होणार नाही. प्रत्येक माणूस आपली अभिमानाची जागा शोधून ठेवतो. कुणाचा गळा गोड असतो, कुणाचे अक्षर वळणदार असते, कुणाची मुले वर्गात पहिली येतात. माझा आवाज शेजारच्या टेबलापर्यंत पोहोचत नाही, अक्षर मुंगीएवढे येते, आणि मुले व्हावीत इतकी ओळख अद्याप कुठल्याही मुलीशी झालेली नाही. पण ऋतू कोणताही असो, मन कितीही उदास असो, मी काट्यावर उभा राहिलो की काटा थरथरत, जरा इकडेतिकडे पाहत, साठावर येऊन विसावे. त्या विसावण्याकडे पाहताना मला वाटे, की या अथांग, धूसर जगात आपल्याविषयीची निदान एक तरी गोष्ट वादातीत आहे.

मी वजनमापे तपासणी कार्यालयात कनिष्ठ सहायक आहे. दुकानांतले काटे खरे बोलतात की नाही हे पाहायचे; खरे बोलत असतील तर शिक्का मारायचा, खोटे बोलत असतील तर लाल पट्टी चिकटवून बंद करायचे, एवढेच आमचे काम. पाहण्याचे काम निरीक्षकसाहेबांचे. मी वही धरतो, आणि वीस-वीस किलोंची तीन लोखंडी वजने जीपमधून काट्यापर्यंत व काट्यापासून जीपपर्यंत नेतो. एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या गोदामात काटा तपासायचा होता. जिना अरुंद होता, आणि मी दुसरे वजन घेऊन दुसऱ्या मजल्यावर धापा टाकत उभा होतो. वर साहेबांचा गुडघा दुखत होता आणि घरी जायची वेळ झाली होती. त्यांनी कठड्यावरून वाकून विचारले, "तुझं वजन किती रे?"

मी साठ म्हणालो. तोवर मला स्वतःलाही ते फारसे महत्त्वाचे वाटले नव्हते. दुसऱ्या दिवशी कार्यालयात साहेबांनी एका बाजूला तीन वजने आणि एका बाजूला मी अशी प्रत्यक्ष तुलना केली, पुढच्या आठवड्यात पुन्हा केली, महिन्याने पुन्हा केली, आणि मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. नोकरीला लागल्यापासून ते माझ्याकडे पहिल्यांदाच पाहत होते. त्या दिवसापासून दुकानात गेल्यावर आधी मी काट्यावर चढू लागलो. साठ दाखवले तर शिक्का; न दाखवले तर खात्रीसाठी लोखंडी वजने. ही पद्धत कुठल्याही परिपत्रकात नाही, पण ती चांगली होती. बाजारात माझे नाव 'साठकिलो' पडले. रस्त्याने जाताना व्यापारी मला जागा करून देत. लाजाळू माणसाला याहून अधिक प्रतिष्ठा पेलवत नाही.

माझ्या ऱ्हासाची सुरुवात एका सत्कृत्याने झाली. कार्यालयात रक्तदानाचे शिबिर होते. मी बाही वर करून, डोळे मिटून, जगाच्या उपयोगी पडण्याच्या मंद सुखात पहुडलो होतो. डॉक्टरबाईंनी बोटाला टोचले, काचेवरचा थेंब पाहिला आणि मला उठायला सांगितले. माझ्यातच रक्त कमी होते. मागे रांगेत आवक-जावक विभाग उभा होता. त्या सर्वांच्या देखत, काहीही न देता, बाही खाली करत मी चालत गेलो. जाताना डॉक्टरबाई म्हणाल्या, की काळजीचे कारण नाही, गोळ्या घ्या आणि पौष्टिक खा. किती खाऊ, असे मी विचारले. त्यांनी पुढच्या माणसाचे बोट हातात घेत म्हटले, "पोटभर."

वजनमापांच्या माणसाला असे एकक देऊ नये. पोटभर म्हणजे किती याची व्याख्या आमच्या कोणत्याही पुस्तकात नाही. किलो ठरलेला आहे, लिटर ठरलेला आहे. पोट मात्र प्रत्येकाचे वेगळे आणि भर तर दिवसागणिक निराळा. मी विचार करत घरी आलो आणि आत्याला सांगितले. मी आत्याकडे राहतो. आत्याला व्याख्येची गरज कधीच भासलेली नाही. तिच्या मते मी लहानपणापासून अर्धपोटी आहे, आणि माझ्या आईने, म्हणजे तिच्या वहिनीने, मला वाढवताना हात आखडता घेतला हे ती गेली पंचवीस वर्षे म्हणत आली आहे. आता डॉक्टरचाच कौल मिळाला. तिने पदर खोचला.

वरच्या मजल्यावर निवृत्त कवायत-मास्तर राहतात. त्यांना वार्ता लागताच ते शिट्टीशिवाय खाली आले. त्यांनी कागदावर यादी दिली: सकाळी भिजवलेले बदाम, मग अक्रोड, मग मध घातलेले दूध, दहा वाजता दोन केळी, दुपारी मोड आलेली कडधान्ये, चारला शेंगदाणे आणि खजूर, निजताना पुन्हा दूध. यादीत वाईट असे काही नव्हते. मी भीतभीत विचारले, की हे नेहमीच्या जेवणाऐवजी घ्यायचे की जेवणासकट. मास्तरांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की जणू मी मैदानावर उजवीकडे वळ म्हटल्यावर बसलो होतो.

"जेवण वेगळं, हे वेगळं," ते म्हणाले. "आणि जास्त होईल ही भीती सोड. अरबटचरबट खाल्लं तर जास्त होतं. पौष्टिक कधी जास्त होत नाही. शरीर हुशार असतं. लागेल तेवढं घेतं, उरलेलं परत करतं."

ते कुठे परत करते, हे विचारण्याचे धाडस मला झाले नाही.

बदाम किती, हेही यादीत नव्हते. आत्याने मूठ हे माप धरले. पण मूठ माझी नव्हे, तिची. आणि आयुष्यभर कणीक मळलेल्या बाईची मूठ ही साधी गोष्ट नसते. शेंगदाण्यांचे तर विचारूच नका. मी चारच्या सुमारास कार्यालयात टेबलाचा खण अर्धवट उघडून, फाईल वाचता वाचता एकेक दाणा तोंडात टाकी. फाईल कंटाळवाणी असेल तर खण लवकर रिकामा होई. मन मात्र प्रसन्न असे. तेलकट काही नाही, गोडधोड काही नाही. जे खातो आहे ते रक्त होते आहे, ही जाणीव प्रत्येक घासाला होती. चांगले काम करताना माणूस थांबत नाही. दानधर्म करताना कुणी मधेच हात आखडला तर आपण त्याला नावे ठेवतो.

आणि थांबायचे तरी कसे? मी सात मिनिटांत जेवतो. समोर कुणी बसून पाहत असले की मला संकोच होतो, आणि आत्या समोर बसून पाहते. तिसरी वाढ येताना मी ताटावर हात आडवा धरत असे. ती बोटांच्या फटींतून वाढी. 'पुरे' हा शब्द माझ्या तोंडून बाहेर पडायला जो वेळ लागतो, तेवढ्यात दोन पळ्या पडून गेलेल्या असत. जेवून उठल्यावर अर्ध्या तासाने मात्र छातीशी काहीतरी जड, गंभीर येऊन बसे. मी खिडकीशी उभा राहून बाहेरच्या दिव्यांकडे पाहत असे आणि त्याला उदासी समजत असे. माझ्या वयात आणि माझ्या स्वभावात ते स्वाभाविकच होते.

नेमक्या याच दिवसांत आमची तिन्ही लोखंडी वजने तपासणीला गेली. इतरांना तपासणाऱ्या वजनांनाही दोन वर्षांतून एकदा स्वतःला तपासून घ्यावे लागते, असा नियम आहे, आणि तो योग्य आहे. ती मुख्यालयात गेली. मुख्यालयाचे पत्र आले, की वजने मिळाली असून रांगेत आहेत. मग दुसरे पत्र आले, की रांग लांब आहे. मग पत्रे येईनाशी झाली. बाजारातले काम थांबवता येत नव्हते. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या दिवसापासून तीन वॉर्डांत खरे-खोटे ठरवणारा एकमेव मापदंड मी होतो. मी सरळ चालू लागलो. मला वाटते, कुणीतरी मला एकदा शीळ घालतानाही ऐकले.

तिसऱ्या आठवड्यात भाजीबाजारातल्या काट्याने एकसष्ट दाखवले. साहेबांनी भुवया उंचावून ताकीद दिली. पुढच्या आठवड्यात तीन दुकाने एकसष्टावर, एक साडेएकसष्टावर. भंगारवाल्याकडे बासष्ट भरले, आणि साहेब बुचकळ्यात पडले, कारण भंगारवाला माल विकत घेतो. काट्याने जास्त दाखवले तर नुकसान त्याचेच. इतका निःस्वार्थ गुन्हेगार आपण नोकरीत पाहिला नाही, असे ते म्हणाले, तरी ताकीद दिलीच. सिमेंटवाल्याने तर माझ्याकडे नुसते पाहिले, काट्याकडे पाहिले, आणि घाम पुसत कबूल केले, की हो, गेल्या महिन्यात स्प्रिंगला हात लावला होता. या कबुलीने आमची उरलीसुरली शंका फिटली. साहेब संध्याकाळी उशिरापर्यंत बसून अहवाल लिहू लागले. 'बाजारातील काट्यांची जड दाखवण्याकडे वाढती प्रवृत्ती' असे त्याचे शीर्षक होते. त्यांनी सोबत आलेख जोडला. रेषा आठवड्याआठवड्याने एकसारखी चढत होती. मी तो आलेख स्वच्छ कागदावर उतरवला, आणि आपल्या हातून एवढा मोठा कट उघडकीस येत असल्याचे पाहून माझे डोळे भरून आले.

वास्तविक मला सावध करू शकणारा एक माणूस होता. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर शिंपीकाका बसतात. विजार घट्ट होऊ लागली म्हणून मी त्यांच्याकडे गेलो होतो. त्यांनी टेप लावली, तोंडातल्या टाचण्यांमधून काहीतरी पुटपुटले आणि म्हणाले, पाणी बदलले की कापड आटते. पंधरा दिवसांनी मी पुन्हा गेलो. ते म्हणाले, हे कापड फारच आटते आहे. मी त्यांना कापडाच्या गिरणीविरुद्ध तक्रार करण्याचा रीतसर सल्ला दिला.

गिरणीवरून आठवले. हकीकत आता पिठाच्या गिरणीकडे येते, आणि इथून पुढे ती हसण्याची राहत नाही. निदान मला तरी तेव्हा हसू आले नाही.

ती गिरणी चालवणाऱ्या मावशींना सगळा भाग मावशीच म्हणतो. नवरा गेल्यावर त्यांनी गिरणी स्वतःच्या हातात घेतली. पापण्यांवर पीठ, कपाळावर पीठ, आवाज मात्र स्वच्छ. त्यांचा पोत्यांचा मोठा काटा जुना होता, घड्याळासारख्या तबकडीचा, पण त्याचे पितळ रोज पुसलेले असे. मी चढलो. सुई डुलत डुलत चौसष्टावर गेली आणि थांबली. साहेबांनी माझ्या खांद्यावरून पाहिले, मोठा सुस्कारा सोडला आणि पिशवीतून लाल पट्टी काढली. चार किलोंचा फरक ताकिदीच्या पलीकडचा होता.

मावशींनी आरडाओरडा केला नाही. त्या म्हणाल्या, की महिन्याच्या अखेरीस मोठ्या रुग्णालयाला वर्षभर पीठ पुरवण्याचे काम ठरायचे आहे. ते आपल्यालाच मिळणार असे जवळजवळ ठरले आहे. त्यावर दोन नवी माणसे कामावर घ्यायचे कबूल करून बसले आहे. काट्यावर लाल पट्टी असलेल्या दुकानाचा अर्ज तिथे उघडतही नाहीत. साहेब म्हणाले, आठ दिवसांनी सुनावणी होईल, तिथे सांगा. त्यांनाही ते आवडत नव्हते. पट्टी चिकटवताना त्यांनी ती सरळ यावी म्हणून दोनदा काढून लावली.

मी वही मिटत होतो. मावशी माझ्याजवळ आल्या आणि साहेबांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाल्या, "मागच्या वर्षी आलात तेव्हा तुमच्या पट्ट्याचं टोक हातभर लोंबत होतं. आता कुठं गेलं ते?"

मी खाली पाहिले. टोक बक्कलातून जेमतेम बाहेर डोकावत होते.

त्या दिवशी चारच्या शेंगदाण्यांना मी हात लावला नाही. शंका ही फार बारीक गोष्ट असते. एकदा आत गेली की ती बाकी सर्व जागा व्यापते. पण शंकेवरून कुणाला दोषी धरू नये, हे आमचे ब्रीद आहे, आणि ते मी स्वतःलाही लागू केले. खात्री करून घ्यायची तर आमच्याच कार्यालयात, वातानुकूलित खोलीत, काचेआड एक प्रमाण तुला, म्हणजे सर्वांत अचूक तराजू, आहे. तिच्यावर स्वतःला तोलून घ्यावे म्हणून मी रीतसर अर्ज केला. अर्जाचा नमुना ठरलेला होता. 'वस्तूचे वर्णन' या रकान्यात मी 'कनिष्ठ सहायक' लिहिले. 'धातू' रकाना कोरा सोडला. 'निर्मात्याचे नाव' यात वडिलांचे नाव घातले. तीन दिवसांनी अर्ज त्रुटींसह परत आला: वस्तू वेष्टनाविना सादर करावी, ती कोरड्या फडक्याने पुसलेली असावी, आणि खोलीच्या तापमानाशी एकरूप होण्यासाठी ती चोवीस तास आधी, बंद खोलीत, एकटी ठेवावी. एकटे राहण्याला माझी हरकत नव्हती. वेष्टनाच्या अटीपाशी मी थबकलो.

शेवटी मी दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाईंच्या काट्याने चौसष्ट किलो दोनशे ग्रॅम दाखवले. त्या काट्यावर लाल पट्टी लावण्याचा मला कायद्याने अधिकार होता, हे मी इथे नमूद करतो. आणि तो मी वापरला नाही, हेही.

डॉक्टरबाईंनी बोटाला टोचले आणि आनंदाने सांगितले, की रक्त उत्तम वाढले आहे. मग मी यादी दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली.

"हे सगळं चांगलं आहे," त्या म्हणाल्या, "पण चांगलं आहे म्हणून मोजायचं नाही असं कुणी सांगितलं? पौष्टिक म्हणजे काय खावं, तेवढंच. किती, ते त्या शब्दात नाही."

मी म्हटले, की पोटभर असे सांगितले होते. यावर त्या जरा ओशाळल्या, आणि पुढचा रुग्ण बाहेर थांबवून त्यांनी मला ते एकक समजावून दिले. पोट ताणले की ते मेंदूला कळवते; खालून आतडीही आपापले निरोप धाडतात; पण निरोप पोहोचून 'झाले' असे वाटायला पंधरा-वीस मिनिटे सहज जातात. सात मिनिटांत जेवणाऱ्याचे ताट रिकामे होते तेव्हा निरोप अजून वाटेवर असतो. शिवाय पोटाला मुख्यतः जागा कळते. वाडगाभर काकडी आणि मूठभर बदाम यांत पोट काकडीला मोठे समजते, आणि शरीराला मिळते ते नेमके उलटे. प्यायलेल्या गोष्टींचे तर पोट फारसे मनावरच घेत नाही. उरलेले शरीर परत करत नाही, जपून ठेवते. कुठे ठेवते, ते त्यांनी पेनाच्या टोकाने दाखवले.

मी ऐकत होतो आणि मला एकाएकी फार लाज वाटली. वजनाची नव्हे, अज्ञानाची. आमच्या खात्यातला पहिला धडा हाच आहे: काटा हलत असताना नोंद घेऊ नये. सुई स्थिर होऊ द्यावी, मग वाचावे. सहा वर्षे मी दुकानदारांना हे सांगत आलो, आणि घरी रोज दोनदा, सुई थरथरत असतानाच, आणखी एक पळी घालून घेत होतो. खिडकीशी उभे राहून मी जिला उदासी समजत होतो, ते उशिरा पोहोचलेले टपाल होते.

त्या संध्याकाळी अर्ध्या जेवणात मी हात थांबवला. आत्याने पळी उचलली. "थांब आत्या," मी म्हणालो, "काटा अजून हलतोय." तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. आम्ही दोघे वीस मिनिटे ताटासमोर गप्प बसलो. मग मला खरोखरच काही नको होते. आत्याला ते पटले नाही, पण वीस मिनिटे मी तिच्यासमोर शांतपणे बसलो, हे तिला आवडले असावे. तिने मला माझ्या वडिलांच्या लहानपणीच्या दोन गोष्टी सांगितल्या.

आता प्रश्न सुनावणीचा होता. मी खरे सांगितले तर साहेबांचा अहवाल, आलेखासकट, कोसळणार. बारा दुकानांच्या ताकिदी हास्यास्पद ठरणार. आणि मी, जो केवळ एका आकड्यामुळे कुणीतरी होतो, पुन्हा वही धरणारा होणार. नाही सांगितले तर मावशींचे काम जाणार. मी तोंडात मूग गिळून बसलो असतो तर कुणाला कळलेही नसते. कळले असते ते फक्त शिंपीकाकांना. आदल्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो आणि स्पष्टच विचारले. ते म्हणाले, "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण तुम्ही मापांचे साहेब. तुम्हाला तुमचं माप कुणी सांगायचं?"

सुनावणी गिरणीत झाली. कारण सील केलेली वस्तू जागची हलवता येत नाही, आणि न हलवता ती कार्यालयात आणता येत नाही, म्हणून कार्यालयच गिरणीत आले. साहेबांचे वरिष्ठ, उपनियंत्रक, खुर्चीवर बसले. साहेब अहवाल छातीशी धरून उभे होते. दळण घ्यायला आलेली माणसे डबे खाली ठेवून भिंतीशी उभी राहिली. मावशींनी त्या दिवशी चेहरा धुतला होता, त्यामुळे त्या अनोळखी आणि थोड्या घाबरलेल्या दिसत होत्या. उपनियंत्रकांनी मला विचारले, की काट्यावर कोणते प्रमाण वजन ठेवले होते.

"मी," मी म्हणालो. "पण काटा बरोबर आहे, साहेब. वजन चुकीचं आहे."

माझा आवाज त्यांच्यापर्यंत गेला नाही. त्यांनी पुन्हा विचारले. मी पुन्हा म्हणालो, आणि या वेळी तो भिंतीशी उभ्या असलेल्या डब्यांपर्यंत गेला, कारण कुणीतरी हसले.

उपनियंत्रक म्हणाले, की हे ऐकण्यात आले. सिद्ध कशाने करणार? लोखंडी वजने नाहीत, आणि दवाखान्याच्या काट्याचा शिक्का मागच्या वर्षीचा आहे. मी पिशवीतून आमचे एक लिटरचे प्रमाण द्रवमाप काढले. वजने मुख्यालयात गेली होती. द्रवमापे गेली नव्हती. एक लिटर पाणी एक किलो भरते. हे मला सुचून दोन दिवस झाले होते, आणि त्या दोन दिवसांत मी कुणालाही ते सांगितले नव्हते, यावरून माझा स्वभाव लक्षात येईल.

मावशींनी पट्टी न तुटेल अशा बेताने पिंप काट्यावर ठेवले. रिकाम्या पिंपाचे वजन मी वहीत उतरवले. मग मी नळापासून काट्यापर्यंत एकेक लिटर नेऊ लागलो. प्रत्येक माप काठोकाठ, डोळ्यांच्या पातळीवर धरून, थेंब न सांडता. नियमाप्रमाणे मोजणी मोठ्याने करावी लागते. एक. दोन. तीन. शाळेत पाढे म्हणायला उभे केले की मी रडत असे. सतराव्या लिटरला मला माझा आवाज ऐकू आला. तिसाव्याला भिंतीशी उभी माणसे हसायची थांबली होती. बेचाळिसाव्याला घाम येऊ लागला, आणि ते अधिकचे चार किलो मी कुठेकुठे वाहतो आहे हे मला तपशीलवार कळले. पन्नासाव्यापासून दोनचार जण माझ्याबरोबर मोजू लागले. साठ म्हणताना सगळी गिरणी म्हणाली.

सुई डुलू लागली. उपनियंत्रक वाचायला पुढे झाले, तेव्हा मी त्यांच्या आड हात धरला. मी, वरिष्ठांच्या आड. "स्थिर होऊ द्या, साहेब," मी म्हणालो. आम्ही सगळे थांबलो. पिंप वजा जाता एकोणसाठ किलो आठशे ग्रॅम भरले.

दोनशे ग्रॅम कमी. मावशींनी कडेचा खांब धरला. तेव्हा निरीक्षकसाहेब, ज्यांचा आलेख त्या पिंपात बुडत होता, पुढे आले. त्यांनी खिशातून जुने नियमपुस्तक काढले, चष्मा लावला आणि कोरड्या आवाजात वाचले, की उन्हाळ्याच्या दिवसांत साठ लिटर पाणी सुमारे दोनशे ग्रॅम हलके भरते, कारण उष्णतेने ते फुगते. काटा निर्दोष आहे. एवढे वाचून त्यांनी अहवालाची गुंडाळी केली आणि माझ्याकडे वळले.

"म्हणजे बाजार सगळा खरा, आणि आपणच खोटे?"

"आपण नाही, साहेब. मी."

"चढ," ते म्हणाले.

पिंप उतरवले आणि मी चढलो. चौसष्ट. सगळ्यांनी मान डोलावली. एक आजी म्हणाल्या, की पोराची तब्येत मात्र छान झाली आहे. त्यांना कुणीतरी गप्प केले.

लाल पट्टी साहेबांनी स्वतःच्या हाताने काढली. बारांपैकी अकरा ताकिदी मागे घेतल्या गेल्या. सिमेंटवाल्याची तेवढी तशीच राहिली. मावशी काट्याच्या पितळेवरून पदर फिरवत होत्या. त्यांनी माझे आभार मानले नाहीत. त्या फक्त म्हणाल्या, की दोन माणसांना उद्यापासून यायला सांगते.

परंतु नियम संपला नव्हता. चुकीचे आढळलेले प्रमाण वजन वापरातून काढावे लागते, आणि तशी नोंद 'बाद वजनांची नोंदवही' हिच्यात करावी लागते. उपनियंत्रकांनी ती वही मागवली. साहेबांनी लिहायला घेतले. वर्णन: एक, साठ किलो. आढळ: चौसष्ट किलो. दोष: अतिरिक्त पोषण. निर्णय: कायमचे बाद. मी शेजारी उभा राहून प्रत्येक शब्द वाचत होतो. सहा वर्षांचा माझा आकडा त्या रकान्यात बसला, आणि त्यावर रेघ आली. शेवटचा रकाना शेऱ्याचा असतो. तो सहसा कोरा सोडतात. साहेबांनी पेन उचलले, खिडकीबाहेर पाहिले, पुन्हा टेकवले आणि लिहिले: 'वजन चुकीचे. साक्ष बरोबर.'

मग त्यांनी वही माझ्याकडे फिरवली. खाली सहीची जागा होती. मी सही केली, आणि ती रकान्याबाहेर गेली.